हृदयाचे चार कप्पे, चार झडपा आणि आजीचा एको रिपोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या पुस्तकात हृदयाची आकृती आहे, अर्धी निळी, अर्धी लाल. 'उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी' हा क्रम तिला तोंडपाठ आहे. पण मध्ये पडदा असताना उजवीकडचं रक्त डावीकडे येतं कसं, आणि उजवी बाजू काम करते तेव्हा डावी काय करत असते, असं तिने विचारलं आणि घरात सगळे गप्प झाले. त्यातच तिच्या ६८ वर्षांच्या आजीचा टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. कागदावर आलं: 'ईएफ ६० टक्के, माइल्ड एमआर, ट्रिव्हियल टीआर, आरव्हीएसपी ३२, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन'. दोन झडपा गळतात म्हणजे काळजीचं आहे का?

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आपल्याला क्रम शिकवला जातो, कारण शिकवलं जात नाही. रक्त पुढे का सरकतं आणि मागे का फिरत नाही एवढं समजलं, तर आकृती पाठ करावी लागत नाही आणि रिपोर्टमधले बहुतेक शब्दही उलगडतात. फक्त एक अट आधीच सांगतो. कागदावरचे पाच शब्द वाचून पक्कं निदान कोणी देऊ नये. आजींना दम लागतो का, ब्लडप्रेशर किती असतं, एकोच्या पडद्यावर झडपेची दलं, म्हणजे पाकळ्या, कशी दिसली, यावर त्याच शब्दांचं वजन कमीजास्त होतं.

आधी नावं उरकू. वरच्या दोन कप्प्यांना कुठे अलिंद म्हणतात, कुठे कर्णिका. खालच्यांना निलय किंवा जवनिका. मी अलिंद-निलय वापरतो. रिपोर्टवर तेच आरए, आरव्ही, एलए, एलव्ही असतं. उजवं-डावं हे हृदय ज्याचं आहे त्याचं, म्हणून आकृतीत उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. आणि आकृती सोयीसाठी सपाट काढलेली असते. छातीत हृदय पिळून तिरकं बसलेलं असतं: उजवं निलय पुढे, छातीच्या हाडाच्या मागे, डावं अलिंद पार पाठीमागे, अन्ननलिकेला टेकलेलं. म्हणूनच डाव्या अलिंदात गुठळी आहे का हे बारकाईने पाहायचं असेल तर एकोची नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात. तिथून ते अगदी समोर दिसतं.

आता पडदा. उजवीकडचं रक्त पडद्यातून जातच नाही, ते फुप्फुसातून वळसा घेऊन येतं. शरीरभरातून आलेलं रक्त वरच्या आणि खालच्या महाशिरेतून उजव्या अलिंदात, तिथून त्रिदल झडपेतून उजव्या निलयात, तिथून फुप्फुस धमनीतून दोन्ही फुप्फुसांत. परत येताना सहसा चार फुप्फुस शिरांमधून डाव्या अलिंदात, मग द्विदल म्हणजे मायट्रल झडपेतून डाव्या निलयात आणि महाधमनीतून शरीरात. म्हणजे एकाच पिशवीत दोन वेगळे पंप आहेत, एक फुप्फुसांसाठी, एक बाकी सगळ्या शरीरासाठी. पडद्यातून रक्त झिरपतं हा समज फार जुना आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने पडद्याला न दिसणारी छिद्रं आहेत असं मानलं होतं. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस यांनी ते खोडून काढलं, तरी युरोपात रक्ताभिसरणाचं पूर्ण चित्र विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडेपर्यंत गेलनचंच चालत होतं. तेव्हा मुलीला पडलेला प्रश्न अगदीच बाळबोध नाही.

निळा रंगही तसाच सोयीचा. उजव्या बाजूचं रक्त निळं नसतं आणि 'अशुद्ध' हा शब्द तर सोडूनच द्यावा. लॅबमध्ये कोपराच्या शिरेतून सिरिंजमध्ये येतं ते गडद लालसर रक्त, तेच हे. त्यातलं हिमोग्लोबिन अजून ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन धरून असतं. डाव्या बाजूला हा आकडा ९५च्या वर असतो, आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर दाखवतो तो हाच.

मुलीचा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. क्रम पाठ केल्यामुळे असं वाटतं की आधी उजवी बाजू आकुंचन पावते, मग रक्त फुप्फुसात जातं, मग डावी बाजू. तसं नाही. दोन्ही अलिंदं जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात, आणि त्यानंतर दोन्ही निलयं एकाच वेळी. रहाटगाडग्यात एक गाडगं विहिरीत बुडतं त्याच क्षणी दुसरं वर रिकामं होत असतं. एका गाडग्यामागे नजर लावली तर क्रम दिसतो, रहाट मात्र सगळा एकदमच फिरतो. रक्ताच्या एका थेंबाला क्रम आहे. हृदयाच्या ठोक्यात उजवं-डावं जोडीनेच चालतं.

जोडीने चालायचं तर दोघांनी प्रत्येक ठोक्याला सारखंच रक्त पुढे ढकललं पाहिजे. मोठ्या माणसाच्या हृदयातून विश्रांतीच्या वेळी ठोक्याला साधारण ७० मिलीलीटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लीटर. समजा उजव्या निलयाने डाव्यापेक्षा ठोक्यामागे फक्त १ मिली जास्त ढकललं. मिनिटाला ७२ मिली, तासाला ४.३ लीटर रक्त फुप्फुसात अडकून पडेल. असं होत नाही, कारण हृदयाच्या स्नायूला एक गुण आहे: भरताना जितका जास्त ताणला जातो तितका पुढच्या ठोक्याला जोराने आवळतो. डावीकडे थोडं जास्त आलं तर डावं निलय पुढच्याच ठोक्यांत थोडं जास्त बाहेर टाकतं. हिशोब असा आपोआप जुळत राहतो. डावं निलय अशक्त झालं की हा हिशोब मोडतो, आणि म्हणून हृदयाच्या दुखण्यात पहिली तक्रार बऱ्याचदा छातीची नसते, दम लागण्याची असते.

आता कारण. रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, आणि झडपा ते उलट फिरू देत नाहीत. झडपेच्या दलांना उघडायला-मिटायला स्वतःचा स्नायू नाही. मागे दाब जास्त झाला की त्या उघडतात, पुढे जास्त झाला की मिटतात. मायट्रल आणि त्रिदल झडपांना खालून पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या निलयातल्या स्नायूंच्या खुंट्यांना जोडलेल्या असतात. पुष्कळांना वाटतं की या दोऱ्या झडप ओढून उघडतात. उलट, निलय आवळतं तेव्हा दलं वर अलिंदात उलटू नयेत म्हणून त्या त्यांना धरून ठेवतात. सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री उलटी होते ना, तसं होऊ नये एवढंच त्यांचं काम.

डाव्या बाजूचा एक ठोका संथपणे पाहू. ७२च्या गतीला एक ठोका सुमारे ०.८ सेकंदाचा असतो. त्यातला ०.३ सेकंद निलय आवळलेलं असतं, ०.५ सेकंद सैल.

सैल निलयात दाब अगदी कमी, शून्याच्या आसपास ते पाच-दहा मिलिमीटर पारा. डाव्या अलिंदात त्याहून किंचित जास्त. तेवढ्या फरकावर मायट्रल झडप उघडी राहते आणि रक्त आपसूक खाली येतं. निलय भरण्याचं तीन-चतुर्थांशाहून थोडं जास्त काम असंच, अलिंदाने काहीही न करता होतं. मग शेवटी अलिंद आवळतं आणि उरलेलं वीसेक टक्के रक्त खाली ढकलतं. निलयात आता सुमारे १२० मिली रक्त आहे.

निलय आवळायला लागतं. त्यातला दाब अलिंदापेक्षा वाढताक्षणी मायट्रल मिटते. स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा 'लब' तो हाच, अर्थात त्रिदल झडपेसह. इथे एक गमतीचा क्षण आहे, जेमतेम ०.०५ सेकंदाचा: मायट्रल मिटलेली आहे आणि महाधमनीची झडप अजून उघडलेली नाही, कारण महाधमनीत ८० मिमी दाब आहे आणि निलयात अजून तेवढा झालेला नाही. निलय मूठ आवळल्यासारखं घट्ट होतंय, पण एक थेंबही हलत नाही. दाब ८०च्या वर गेला की महाधमनीची झडप उघडते, १२०पर्यंत चढतो, आणि ७० मिली रक्त बाहेर पडतं. ब्लडप्रेशरचे दोन आकडे, १२० आणि ८०, यातूनच येतात. निलयात ५० मिली शिल्लक राहतं. निलय पूर्ण रिकामं कधीच होत नाही.

मग निलय सैल पडतं, दाब महाधमनीपेक्षा खाली येतो, बाहेर पडलेलं रक्त जरासं मागे येऊ पाहतं आणि त्याच लोंढ्याने झडपेचे तीन खिसे फुगून एकमेकांना भिडतात. हा 'डब'. पुन्हा क्षणभर सगळं बंद, दाब घसरतो, अलिंदापेक्षा खाली आला की मायट्रल उघडते. चक्र पुन्हा सुरू.

उजवीकडे हीच घडामोड, फक्त आकडे लहान. उजव्या निलयात दाब २५पर्यंतच चढतो. फुप्फुसं शेजारीच आहेत, तिथलं नळ्यांचं जाळं रुंद आणि सैल आहे, जास्त जोर लागत नाही. जास्त जोर चालणारही नाही. तिथल्या केशवाहिन्या इतक्या पातळ असतात की दाब वाढला तर पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. म्हणून उजव्या निलयाची भिंत ३ ते ५ मिलिमीटर आणि डाव्याची त्याच्या दुपटीहून जाड. दोघं ढकलतात तेवढंच रक्त, पण डाव्याला चार-पाचपट दाबाविरुद्ध ढकलावं लागतं.

आधी अलिंद आणि मग निलय, ही शिस्त विजेच्या संदेशामुळे राहते. अलिंद आणि निलयांच्या मध्ये तंतूंची एक कडी आहे, तिच्यातून वीज जात नाही. एकच वाट आहे, एव्ही नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका, आणि तिथे संदेश मुद्दाम सेकंदाच्या दहाव्या भागाइतका रेंगाळतो. तेवढ्यात अलिंद आपलं ढकलून मोकळं होतं.

हे सगळं मुलीला एका दुपारी हातात घेऊन दाखवता येईल. घरात मांसाहार चालत असेल तर मटणवाल्याकडून बकऱ्याचं हृदय आणा. 'काळीज' मागू नका, तो यकृत देईल. दुकानात हृदयाला बहुधा 'दिल' म्हणतात. आणि 'वरच्या नळ्या कापू नका' हे आवर्जून सांगा, नाहीतर वरचा भाग छाटून साफ करून देतात आणि मग पाहायला निम्मंच उरतं. बकऱ्याचं हृदय रचनेला आपल्यासारखंच, चार कप्प्यांचं.

धुऊन घ्या, आतल्या गुठळ्या नळाखाली काढा. मग दोन्ही बाजू चिमटीत दाबून पाहा: टणक लागते ती डावी, मऊ लागते ती उजवी. वरून निघणाऱ्या नळ्यांत सगळ्यात जाड भिंतीची, कापली तरी गोल उघडी राहणारी, ती महाधमनी. तिच्या पुढच्या बाजूने निघते ती फुप्फुस धमनी. महाधमनी झडपेच्या वर दोनेक सेंटीमीटर ठेवून आडवी कापा आणि वरून पाणी ओता. पाणी आत जाणार नाही, साचून राहील, आणि खाली तीन खिसे मिटून तीन टोकांच्या चांदणीसारखी रेघ दिसेल. पाण्याची पातळी हळूहळू उतरत असेल तर झडप खराब आहे असं समजू नका. त्या खिशांच्या मागेच दोन बारीक भोकं आहेत, हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची. पाणी तिथून जातं.

आता डावं अलिंद वरून कापून टाका म्हणजे मायट्रल झडप वरून दिसेल. निलयात पाणी भरा, महाधमनी चिमटीत बंद धरा आणि निलय हळूच दाबा. दोन दलं पाण्यावर तरंगत वर येतात आणि एकमेकांना चिकटतात. शेवटी निलय उभं चिरून दोऱ्या पाहा. एखादी दोरी कात्रीने कापून पाण्याचा तोच प्रयोग करायचा असेल तर तो अर्थातच निलय चिरण्याआधी करा: दलाचा तो कोपरा वर उलटतो आणि पाणी गळतं. याला आम्ही मायट्रल रिगर्जिटेशन म्हणतो, रिपोर्टवरचं 'एमआर' ते हेच. (दोरी तुटणं हे त्याचं एक कारण, सगळ्या गळत्या तशा नसतात.) नंतर हात, सुरी आणि पाट साबणाने स्वच्छ धुवा.

त्या दोन बारीक भोकांबद्दल दोन शब्द. हृदयातून दिवसभर रक्त वाहतं, तरी हृदयाचा स्नायू ते आतून पिऊ शकत नाही. भिंत जाड आहे. त्याला कोरोनरी धमन्यांतून वेगळा पुरवठा लागतो. डाव्या निलयाला हा पुरवठा मुख्यतः निलय सैल असताना होतो, कारण आवळलेला स्नायू स्वतःच्याच नळ्या पिळून बंद करतो. आणि ठोके वाढले की कमी होतो तो सैल असण्याचाच वेळ. १२०च्या गतीला अख्खा ठोका अर्ध्या सेकंदाचा. आवळण्याचा वेळ थोडाच घटतो, सैल वेळ मात्र निम्म्यावर येतो. धमन्या अरुंद असलेल्या माणसाला जिना चढताना छातीत दुखतं त्यामागे हे एक कारण आहे, आणि ठोके हळू करणाऱ्या गोळ्या का देतात तेही इथेच कळतं.

भरण्याचा वेळ किती मोलाचा आहे हे मायट्रल झडप अरुंद झाल्यावर कळतं. लहानपणी घसा सुजतो, संधिवाताचा ताप येतो, आणि काही मुलांत त्याने झडपेची दलं कडांना चिकटतात. हा आजार आपल्याकडे अजून गेलेला नाही. निरोगी मायट्रल झडप ४ ते ६ चौरस सेंटीमीटर उघडते; दीड किंवा त्याहून कमी झाली की आजार तीव्र धरतात. छोट्या दारातून तेवढंच रक्त तेवढ्याच वेळात जायचं तर मागे दाब वाढायलाच हवा. डाव्या अलिंदाचा दाब १० वरून २५ होतो. फुप्फुस शिरांना झडपा नसतात, म्हणून तो दाब थेट फुप्फुसात पोहोचतो आणि पाणी झिरपायला लागतं. माणूस आडवा झाला की पायांतलं रक्तही छातीकडे येतं, म्हणून झोपल्यावर दम जास्त; दोन-तीन उशा लागतात.

अनेक बायकांना हा आजार असल्याचं पहिल्यांदा कळतं ते गरोदरपणात. रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, ठोकेही वाढलेले असतात. म्हणजे दार अरुंद, जाणारं रक्त जास्त आणि वेळ कमी, तिन्ही एकदम. 'गरोदरपणात दम लागतोच' म्हणून हे सोडून देणं धोक्याचं. दलं अजून मऊ असतील तर फुग्याने झडप उघडता येते, आणि त्या फुग्याचा रस्ता पाहिला तर वरची सगळी आकृती परत आठवते: मांडीच्या शिरेतून खालच्या महाशिरेत, उजव्या अलिंदात, तिथे अलिंदांमधला पडदा सुईने भेदून डाव्या अलिंदात, आणि मग मायट्रलमध्ये. पडद्यातून जायची वाट निसर्गाने ठेवली नाही, ती डॉक्टर तेवढ्यापुरती करतात. संधिवाताच्या तापानंतर दर तीन आठवड्यांनी दिलं जाणारं पेनिसिलीनचं इंजेक्शन पुढचं नुकसान टाळण्यासाठी असतं. ते चुकवू नये, ठणठणीत वाटत असलं तरी.

गुठळी कुठे जाणार हेही रक्ताच्या वाटेवरूनच सांगता येतं. पायाच्या शिरेतली गुठळी उजव्या अलिंदातून उजव्या निलयात आणि तिथून फुप्फुसात अडकते. मेंदूपर्यंत सहसा पोहोचत नाही. डाव्या अलिंदात झालेली गुठळी मात्र महाधमनीतून सरळ मेंदूकडे जाऊ शकते. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये अलिंद आवळत नाही, नुसतं थरथरतं. वीस टक्के भरणं तर जातंच, शिवाय अलिंदाच्या कानासारख्या कोपऱ्यात रक्त साचून गोठतं. म्हणून अशा रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी. पायातली गुठळी मेंदूपर्यंत पोहोचत नाही याला अपवाद एक आहे: गर्भात अलिंदांच्या पडद्याला एक खिडकी असते, कारण बाळाची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात. जन्मानंतर ती मिटते, पण चारातल्या साधारण एका माणसात पूर्ण चिकटत नाही. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही.

आता आजींचा कागद.

ईएफ म्हणजे निलयात असलेल्या रक्तातला किती भाग एका ठोक्याला बाहेर गेला. १२०पैकी ७० म्हणजे ५८ टक्के. तेव्हा ६० म्हणजे '१००पैकी ६० गुण' असं कृपा करून वाचू नका. हे उत्तम आहे. ५०-५५च्या खाली गेलं की आम्ही विचारात पडतो.

ट्रिव्हियल टीआर, म्हणजे त्रिदल झडपेतून अगदी किंचित मागे येणारं रक्त. हे निरोगी माणसांतही सर्रास दिसतं आणि आम्हाला उपयोगी पडतं. या गळतीचा वेग डॉपलरने, म्हणजे एकोतल्याच वेग मोजणाऱ्या तंत्राने, मोजतात, वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की अलिंद आणि निलयातल्या दाबाचा फरक मिळतो. वेग सेकंदाला २.६ मीटर असेल तर २७. त्यात उजव्या अलिंदाचा अंदाजे दाब ५ मिळवला की ३२. आजींचा आरव्हीएसपीचा, म्हणजे उजवं निलय आवळतानाच्या त्यातल्या दाबाचा, आकडा अशाच हिशोबातून आलेला असतो, छातीत सुई न घालता. ३५पर्यंत सहसा ठीक मानतात. हा अंदाज आहे, आणि दुसऱ्या मशीनवर ३५ आला तर आठवड्यात बिघाड झाला असं नाही.

माइल्ड एमआर, मायट्रलची सौम्य गळती. इथे प्रमाणापेक्षा कारण महत्त्वाचं. दलं पातळ आणि नीट हलणारी असतील, डावं अलिंद वाढलेलं नसेल, तर औषध लागत नाही. तीन ते पाच वर्षांनी पुन्हा एको पुरतो. दल लोंबतंय, किंवा दलं जाड होऊन कडा चिकटल्या आहेत असं लिहिलं असेल, तर तेच 'माइल्ड' जास्त लक्षपूर्वक पाहावं लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये 'एलए' समोरचा आकडा शोधा. ४ सेंटीमीटरच्या आत असेल तर गळतीचा ताण अलिंदावर आलेला नाही असं म्हणता येतं.

ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन हे नाव ऐकून लोक सर्वांत जास्त घाबरतात. अर्थ इतकाच की निलय पूर्वीइतकं झटकन सैल होत नाही. म्हणून आपसूक भरणारं रक्त थोडं कमी येतं आणि अलिंदाच्या शेवटच्या ढकलण्यावर भिस्त वाढते. एकोत भरण्याच्या दोन लाटा दिसतात, पहिली आपसूक आणि दुसरी अलिंदाची. तरुणपणी पहिली उंच असते, वयाबरोबर दुसरी उंच होते. ६८व्या वर्षी हे इतकं नेहमीचं आहे की ते नसेल तर आम्हीच दुसऱ्यांदा पाहतो. यावर वेगळी गोळी नाही. ब्लडप्रेशर वाढलेलं असेल तर ते ताब्यात ठेवणं, कारण १२०ऐवजी १६०विरुद्ध ढकलून ढकलून भिंत जाड आणि ताठ होते, हाच उपाय.

एकूण, तुम्ही लिहिलंय एवढ्यावरून मला यात घाबरण्यासारखं दिसत नाही. पण आजींना पूर्वी चालायच्या तेवढ्या अंतरावर आता दम लागत असेल, रात्री झोपेतून गुदमरून उठावं लागत असेल, संध्याकाळी घोटे सुजून बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल, ठोके अनियमित पडत असतील किंवा चक्कर येऊन पडल्या असतील, तर रिपोर्ट कितीही सौम्य असो, त्यांना दाखवून या. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ इमर्जन्सीत न्या.

जाताना जुना एको असेल तर तोही सोबत घ्या, नुसता शेवटचा कागद नको. दोन वर्षांपूर्वी एलए किती होतं आणि आज किती आहे, हे पाहून डॉक्टरांना जे कळतं ते एकट्या आजच्या आकड्यावरून कळत नाही.